चार तारांचं नाक

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज वसतिगृहाच्या दारात आमची शोभा झाली. तिथल्या स्वयंपाकघराच्या प्रमुख बाई (मी मनातल्या मनात त्यांना सुपरिंटेंडेंट म्हणतो) पिकअपच्या मागे आल्या, पावांवरचं कापड उचललं, वाकल्या आणि लगेच ताठ झाल्या. म्हणाल्या, "पावाला पेट्रोलचा वास येतोय. मुली परवापासून पाव तसेच ठेवून उठताहेत. पंधरा तारखेपर्यंत बघते, नाहीतर मला दुसरी बेकरी शोधावी लागेल."

मी पुढे होऊन एक पाव नाकाशी धरला. वासबीस काही नव्हता. तसं मी स्पष्ट सांगितलं. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होतो, दुसऱ्यांच्या नजरेतून सुटलेलं पकडायचं हेच काम. एकाने चूक आहे म्हटलं की सगळ्यांना ती दिसायला लागते, हा अनुभव काही आजचा नाही. बाईंनी माझं ऐकून घेतलं आणि हिच्याकडे बघून पुन्हा म्हणाल्या, "पंधरा."

ही म्हणजे बायको. बेकरी तिची. पीठ तिचं, भट्टी तिची, गिऱ्हाइकं तिची. माझ्याकडे फक्त पिकअप, वय वर्षं बावीस. मी चालवतो, ही शेजारी बसते, अकरा ठिकाणी पाव उतरवतो आणि परत येतो.

परतीच्या वाटेवर म्हणाली, "पंधरापर्यंत गाडी सुधारली नाही तर धाकट्याची व्हॅन लावू. तो स्वतःच चालवेल." धाकटा म्हणजे तिचा भाऊ, माझा मेहुणा.

"आणि ही गाडी?"

"भंगारवाला दोनदा विचारून गेलाय."

'आणि मी?' हे मी विचारलं नाही. इथे लिहितो. बेकरीत ती कामात असते, घरी ती दमलेली असते. गाडीत साडेसहा ते आठ तिच्या हाताला काम नसतं, तेव्हा ती बोलते. पाव पोचवण्याची मला हौस नाही. पण तो दीड तास मेहुण्याच्या व्हॅनमध्ये गेला तर मला फार जड जाईल.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

गॅरेजला गेलो. हीसुद्धा आली, मी एकटा गेलो तर गाडी ठणठणीत आहे असं ठरवून परत येईन म्हणाली. गॅरेजवाल्याला सगळे 'सावकाश' म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी तो आधी तेच म्हणतो. त्याच्या पाटीवर 'दुरूस्ती' असा दीर्घ रू आहे. चार वर्षं सांगतोय, तो म्हणतो, सावकाश.

त्याने गाडी चालू केली आणि मला मागे बोलावलं. "काका, घ्या बरं वास."

मी सायलेन्सरपाशी वाकून चांगला श्वास घेतला. "साधा धूर आहे."

सावकाशने आधी माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे. हिने मान हलवली. माशी बसली असावी.

मग तो गाडीखाली सरपटत गेला आणि तिथूनच बोलायला लागला. सायलेन्सरच्या पाइपात एक ऑक्सिजन सेन्सर असतो. तो त्याला नाक म्हणतो. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते हे नाक हुंगतं आणि इंजिनाला कळवतं, मग पेट्रोल कमी-जास्त होतं. "पण थंड नाकाला काही कळत नाही, काका. तुमचं नाक जुनं, एका तारेचं."

"माझं?"

"गाडीचं. ते नुसत्या धुराच्या उबेवर तापतं. तुम्ही चार पावलं जाता, थांबता, पाव उतरवता, परत चार पावलं. ते तापायच्या आत तुम्ही गाडी बंद करता. मग इंजिनाला काही कळत नाही. कळत नाही म्हणून ते अंदाजाने ओततं. आणि कमी पडायला नको म्हणून जास्तच ओततं. त्याला स्वतःला पत्ता नसतो, बाजूच्यांना उभं राहवत नाही."

ही रुमालात तोंड घालून खोकायला लागली. खोकून झाल्यावर विचारलं, "असं माणसांचंही होतं का हो?"

"होत असेल ताई. पण माणसाला सांगणार कोण?" सावकाश गाडीखालून म्हणाला.

उपाय आहे. चार तारांचं नाक मिळतं, त्याच्या आतच छोटा हीटर असतो. किल्ली फिरवली की मिनिटाभरात नाक तापतं, मग गाडी चार पावलं जावो की चाळीस. मागवायला लागेल. कधी येईल विचारलं, त्याचं उत्तर लिहायची गरज नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

नाक आलेलं नाही. आज भट्टीत पावांचे दोन ट्रे जळले. ही अंगणात पीठ उतरवून घेत होती आणि मला भट्टीपाशी बसवलं होतं. मी पेपर वाचत होतो. पहिल्याच पानावर 'परिस्थीती', दुसरी वेलांटी दीर्घ. ती लाल करतोय तोवर ही धावत आली, खोलीभर धूर. भट्टीचं घड्याळ बिघडलंय, मी कधीपासून म्हणतोय.

ती ओरडली नाही, याचं जरा नवल वाटलं. माझ्याजवळ उभी राहून बराच वेळ माझ्याकडे बघत होती. दुपारी एक माणूस येऊन भिंतीवर लाल दिव्याचा डबा बसवून गेला. गॅस सुटला तर तो कोकलतो. "सगळ्या बेकऱ्यांना आता सक्तीचं आहे," म्हणाली. मी पेपर रोज अथपासून इतिपर्यंत वाचतो, असा काही नियम आलेला नाही. पण दोन ट्रे जळल्याच्या दिवशी वाद घालू नये एवढं मला कळतं.

हल्ली मालात काही दम राहिलेला नाही. डिसेंबरात तीन आठवडे सर्दीने लोळवलं, त्यातून उठलो तेव्हापासून बघतोय. भाज्या बेचव, मी वरून मीठ घेतो. आफ्टरशेव्हची तर नुसती रंगीत पाण्याची बाटली झालीय. पूर्वी दोन थेंब पुरायचे, आता ओंजळभर लागतं. कंपनीला पत्र लिहिणार आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

मेहुणा व्हॅन दाखवायला आला. दाखवायला म्हणजे मिरवायला. पांढरी, नवीकोरी, मागे पावांसाठी कप्पे. "भाऊजी, तुम्ही आता आराम करा. किती वर्षं दगदग करणार?"

मी म्हटलं, दगदग तुझ्या ताईची, मी नुसता बसतो. तो म्हणाला, मग घरी बसा, तेवढंच की. ही चहा ओतत होती. ती ओततच राहिली, ते मला लागलं.

मेहुण्यापुढे म्हातारा दिसू नये म्हणून मी आज आफ्टरशेव्ह जरा बेतानेच, तीन ओंजळी लावलं होतं. व्हॅनमधून चक्कर मारताना त्याने चारही काचा खाली केल्या, थंडी असून. नव्या गाडीत हवा खेळत नसावी. पिकअपला तो त्रास नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नाक आलं. बोटाएवढं आहे. जुनं निघता निघत नव्हतं, बावीस वर्षं पाइपाला धरून बसलेलं. सावकाशने तेल सोडलं, पाइप गरम केला, पाना लावला, पान्यावर पाइप लावला, आणि शेवटी पाइपाच्या टोकाला मला लावलं. कट्ट करून सुटलं तेव्हा आम्ही दोघेही जमिनीवर बसलो. ते काजळीने काळं ठिक्कर होतं.

नव्याला चार तारा. काळी तार नाकाची खबर इंजिनाला देते. करडीला 'अर्थ' म्हणतात. एकतीस वर्षं वाक्यांतला अर्थ शोधला, तो तारेत सापडेल असं वाटलं नव्हतं. उरलेल्या दोन पांढऱ्या, हीटरच्या. दोन्ही अगदी सारख्या, एकीवरही खूण नाही. मी विचारलं, यातली आधीची कुठली आणि नंतरची कुठली. सावकाश म्हणाला, कुठलीही कुठेही लावा, हीटरला फरक पडत नाही. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींत फरक नाही हे माझ्या मनाला पटत नाही, पण ऐकलं.

काळी, करडी आणि एक पांढरी जोडून झाली. दुसऱ्या पांढरीसाठी रिले नावाचा एक छोटा स्विच आणि फ्यूज हवा, ते त्याच्याकडे नव्हते. "उद्या येतो. तोवर तिला हात लावू नका, काका." हीटरशिवाय नवं नाकही जुन्यासारखंच थंड, म्हणजे काम अजून झालेलं नाही. मध्ये दोन दिवस उरलेत.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सावकाश आला नाही. निरोप आला, सासूबाईंना डॉक्टरकडे नेलंय, उद्या संध्याकाळी येतो. परवा पंधरा. मी घरात येरझाऱ्या घातल्या, मग नाकाबरोबर आलेलं पत्रक काढलं.

पत्रक मराठीत होतं, म्हणजे ते करणाराचा तसा समज असावा. एका पानात चौतीस चुका. लाल पेन घेऊन बसलो. सातव्या ओळीत तर एकही विरामचिन्ह नाही: 'हीटरची तार किल्लीच्या लाइनला द्यावी नाही थेट बॅटरीला'. आता यात गोंधळ होण्यासारखं काही नाही. 'द्यावी नाही' म्हणजे 'देऊ नये'. 'नाही'नंतर स्वल्पविराम टाकला आणि ओळ कशी लख्ख झाली: किल्लीच्या लाइनला देऊ नये, थेट बॅटरीला. सावकाशला रिलेचं खूळ कुठून सुचलं कोण जाणे, वाचत नाहीत ही माणसं.

दुपारी तीन वाजता तार ओढून बॅटरीला जोडली, वर टेप गुंडाळली. पाच मिनिटांनी नाकाजवळ हात धरून बघितला, चांगलं तापलं होतं. हिला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, गाडी बंद आहे ना? मग हे कसं तापलं?" मी म्हटलं, हीच तर यातली गंमत.

आज बऱ्याच दिवसांनी मी कामाचा माणूस आहे असं वाटलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्सुद्धा नाही.

एकशे साठ पाव ट्रेमध्ये, ही दारात. मी बॉनेट उघडून उभा राहिलो, कारण अशा वेळी पुरुष बॉनेट उघडून उभे राहतात. तिने दहा मिनिटं वाट बघितली, मग फोन केला. मेहुणा पाव तासात आला. तो एक शब्द टोचून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं, पण तो मुकाट्याने ट्रे भरायला लागला. ही पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी बसली आणि व्हॅन गेली. मी फाटकात उभा होतो. ती रोज माझ्याशी काय काय बोलते ते आठवत राहिलो, आणि आज ते सगळं धाकटा ऐकत असेल म्हणून वाईट वाटलं. रडू आलं नाही, पण येण्याच्या बेतात होतं.

सावकाश दुपारीच आला, हिने बोलावलं. बॅटरीवरची टेप बघून तो पहिल्यांदाच 'सावकाश' न म्हणता बोलला. "काका, हा हीटर काल दुपारपासून रात्रभर चालू होता. बॅटरी पिऊन टाकली त्याने."

मी पत्रक पुढे केलं. सातवी ओळ. त्याने चष्मा लावला, बोट ठेवून ओळ वाचली, मग अंगठ्याने माझा स्वल्पविराम झाकला. "हा कोणी काढलाय?"

"मी."

"मग हा 'नाही'च्या अलीकडे हवा होता ना? द्यावी, नाही थेट बॅटरीला."

मी ओळ पुन्हा वाचली. आणखी एकदा वाचली. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक कथासंग्रह, दोन पंचांगं आणि एका मंत्र्याचं भाषण सुखरूप बाहेर पडलं. आणि दुरुस्तीतला रु दीर्घ काढणाऱ्या माणसाने मला स्वल्पविरामाची जागा दाखवली. ही खुर्चीवर बसली होती. आधी तिचे खांदे हलले, मग ती इतकी हसली की तिला उठून आत जावं लागलं. सकाळपासून पहिल्यांदा मला श्वास घेता आला.

रिले बसला, फ्यूज बसला, बॅटरी भरून घेतली. आता किल्ली फिरवली की हीटर चालू, काढली की बंद. सावकाशने गाडी चालू करून मिनिटभर थांबून हिला मागे बोलावलं. मला बोलावलं नाही. तिने वास घेतला आणि म्हणाली, "गेला." तिचे डोळे भरले होते, धुराने असतील.

जाताना सावकाशने विचारलं, पाटीवरचा तो रू नक्की कसा काढायचा.

शनिवार, १५ फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं.

गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. मी आज मानाचा दिवस म्हणून नवा शर्ट घातला, गुळगुळीत दाढी केली आणि आफ्टरशेव्हची उरलेली बाटली संपवून टाकली. वसतिगृहापाशी पहिला ट्रे हिला उचलू दिला नाही. मीच छातीशी धरून आत नेला आणि सुपरिंटेंडेंट बाईंपुढे ठेवला.

त्यांनी कापड उचललं, वाकल्या. बराच वेळ वाकलेल्या राहिल्या. "पेट्रोल गेलं," म्हणाल्या. मी हिच्याकडे बघितलं. "पण हा दुसरा कसला वास आहे?" त्यांनी एक पाव हुंगला, कापड हुंगलं, मग सरळ माझ्या शर्टाच्या दिशेने नाक वळवलं. स्वयंपाकघरातल्या दोन मुली हसू दाबत मागे वळल्या.

"काका, तुम्ही दाढीनंतर काय लावता?"

"थोडंसंच लावलंय."

"हे थोडं आहे?" त्या रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. "तरीच. इतके दिवस पेट्रोलमागे हा वास लपला होता."

मी बाही नाकाशी धरली. बाटलीभर ओतलेलं, आणि मला काही नाही. मग मी ट्रेमधला पाव उचलला, फोडला, वाफ आली, ती आत ओढली. काही नाही. भट्टीतून वीस मिनिटांपूर्वी निघालेला पाव होता. तेव्हा मला सावकाशचं बोलणं सगळंच्या सगळं आठवलं, ही रुमालात का खोकत होती तेही.

बाई म्हणाल्या, सोमवारपासून ट्रे ताई उचलतील आणि तुम्ही साध्या पाण्याने तोंड धुवून याल, या अटीवर पाव चालू. ही म्हणाली, चालेल. मी मान हलवली.

गाडीत बसलो तरी मी किल्ली फिरवली नाही. "कधीपासून?" विचारलं.

कशाबद्दल ते तिने विचारलं नाही. "डिसेंबरच्या सर्दीपासून. मला नुसता संशय होता. ट्रे जळले त्या दिवशी खात्री झाली. तुम्ही धुरात बसून वेलांटी लाल करत होतात."

"सांगितलं का नाहीस?"

"तीनदा सांगितलं, आफ्टरशेव्ह फार होतंय म्हणून. तुम्ही म्हणालात कंपनी पाणी भरते." मग म्हणाली, "मला भीती वाटली. कळलं असतं तर तुम्ही आधी भट्टीपाशी बसणं सोडलं असतंत, मग गाडी. छापखाना सुटला तेव्हा कसे घरात बसून राहिला होतात, ते मला परत बघायचं नव्हतं."

"म्हणून व्हॅन?"

"व्हॅन पावांसाठी. तुमच्यासाठी तर मी भंगारवाल्याला दोन्ही वेळा हाकललं."

बाकीची दहा ठिकाणं झाली. ती सगळे ट्रे स्वतः उतरवत होती आणि मी काचेतून बघत होतो. मला वाईट वाटत होतं आणि बरंही, दोन्ही एकदम.

सोमवार, १७ फेब्रुवारी

उद्या नाकाच्या डॉक्टरांकडे जायचंय. वास परत येईल किंवा येणार नाही, असं हिच्या मैत्रिणीने फोनवर सांगितलं. ते मलाही सांगता आलं असतं. मेहुण्याला शनिवारीच सांगून टाकलं, तो मोकळेपणाने हसला आणि म्हणाला, भाऊजी, रविवारी काचा का खाली केल्या ते आता कळलं ना. वाईट नाही तो.

आज साध्या पाण्याने तोंड धुतलं. उघड्यावर आल्यासारखं वाटलं. पाव भरले, निघालो. पहिलं वळण आलं. मग मी विचारलं, "मागून पावाचा वास येतोय?"

"येतोय. आता नुसता पावाचाच येतोय."

"कसा असतो, सांग."

"अहो, पावाचा वास पावासारखा असतो."

"हे वाक्य मी छापू दिलं नसतं. नीट सांग."

ती विचार करायला लागली. रोज ती भट्टीपाशी असते, तिलाही आठवावं लागत होतं. म्हणाली, आधी सुती कापडावर इस्त्री फिरवल्यासारखा येतो. मग जरा गोडसर, करपायच्या अलीकडचा. आणि त्याच्या खाली आणखी एक. त्याला शब्द सापडेना तिला. काचेबाहेर शाळेची भिंत गेली, दवाखाना गेला. मग म्हणाली, "आपली लेक लहान होती ना, उन्हात खेळून आली की मांडीवर डोकं टाकायची. तिच्या डोक्याला यायचा, तसा."

तो मला आला. नाकात नाही, पण आला. लेक आता स्वतः दोन मुलांची आई आहे. मी गाडी चालवत राहिलो.

"अहो, वसतिगृहाचं फाटक मागे गेलं," ही म्हणाली.

"जाऊ दे, एक चक्कर मारून येऊ. गाडीचं नाक तापलंय, माझं अजून तापायचंय. पुढे सांग."

तिने घड्याळ बघितलं, सीटवर मागे टेकली आणि सांगायला लागली.